फिश शेल: यात एलियस नाहीच, आणि तेच बरं

सर्व्हर सांभाळायचं काम, त्यामुळे अख्खा दिवस टर्मिनलमध्येच जातो. बॅश या शेलबद्दल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) माझी तक्रार नाही, त्यातल्या एलियसबद्दल, म्हणजे कमांडला दिलेल्या छोट्या नावाबद्दल आहे. एकाच ओळीत एलियस बनवा, सेमिकोलन द्या आणि तिथेच वापरून बघा: ‘कमांड नॉट फाउंड’. बॅश आधी पूर्ण ओळ वाचतो, एलियस वाचतानाच उलगडतो आणि मग चालवायला घेतो. वाचायच्या वेळी तो एलियस जन्मालाच आलेला नसतो! फंक्शनमध्ये, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कमांडच्या गटात, आणखी गंमत. आतला एलियस व्याख्या वाचतानाच उलगडून कोरला जातो. नंतर एलियस बदला नाहीतर उडवा, फंक्शन आपलं जुनंच धरून बसतं. स्क्रिप्टमध्ये (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड) तर ‘एक्सपांड एलियसेस’ हा पर्याय मुद्दाम चालू केल्याशिवाय एलियसला कुणी विचारतही नाही.

फिश हा दुसरा शेल 2005 पासून आहे, मी जरा उशिराच आले. इथे एलियस नावाची कमांड आहे, पण ती गुपचूप फंक्शन बनवते. फाइल उडवणाऱ्या आरएमला ‘आरएम -आय’ (उडवण्याआधी विचारणारा) असा एलियस दिला आणि ‘टाइप आरएम’ विचारलं, तर समोर चक्क फंक्शन, आणि आत ‘कमांड आरएम -आय’. तो ‘कमांड’ शब्द फिशने स्वतःहून घातलेला. नाहीतर आरएम स्वतःलाच हाका मारत बसला असता.

पण मी इथे टिकले ती ‘अ‍ॅब्र’ या संक्षेपांच्या सोयीमुळे. आपण ठरवून ठेवलेला ‘जीसीओ’ टाइप करून स्पेस मारली की डोळ्यांदेखत ‘गिट चेकआउट’ होतं. एंटर मारण्याआधी काय चालणार ते दिसतं, हिस्टरीतही पूर्ण कमांड राहते. स्क्रीन शेअर करताना ‘हे जीसीओ काय असतं?’ हा प्रश्न कायमचा मिटला.

आता कुरबुरी. सूडोला (पुढची कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणारी कमांड) फिशची फंक्शनं ओळखता येत नाहीत, आणि बॅशमधली सूडोच्या एलियसच्या शेवटी स्पेस सोडायची युक्ती (तिने पुढचा शब्दही एलियस म्हणून तपासला जातो) इथे चालत नाही. अ‍ॅब्र सूडोच्या पुढेही उलगडायला हवं असेल तर ‘पोझिशन एनीव्हेअर’ हा पर्याय लावता येतो, तोही फिशच्या 3.6 आवृत्तीपासूनच. 2025 मध्ये 4.0 आलं, फिशचा कोड सी प्लस प्लसवरून रस्ट या भाषेत गेला. मला रोजच्या कामात तरी फरक जाणवला नाही. सहकाऱ्याने पाठवलेला बॅशचा ‘डू’–‘डन’वाला लूप इथे पेस्ट केला की लाल अक्षरं ठरलेली. म्हणून लॉगिन शेल बॅशच ठेवलाय, फिश फक्त टर्मिनल उघडलं की सुरू होतो.