डबल डिलाईट गुलाब: मुलुंडच्या खिडकीतलं दीड वर्ष

घराजवळच्या एका नर्सरीतून २५० रुपयांना 'डबल डिलाईट'चं कलम आणलं, त्याला आता दीड वर्ष झालं. आधी फुलाबद्दल सांगते. कळी सायीसारखी पांढरी, काठाला लाल रेघ. आमच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळचे चार तास ऊन येतं. त्या उन्हात ती लाली रोज थोडी थोडी आत उतरते आणि तीन-चार दिवसांत अर्धं फूल लाल होतं. एकदा ग्रिलला रंग द्यायचा होता म्हणून उमलायला आलेल्या कळीसकट कुंडी हॉलमध्ये ठेवली, तर ते फूल शेवटपर्यंत फिकटच राहिलं. ही लाली उन्हानेच चढते.

वासात गोडव्याबरोबर मसाल्याची झाक आहे. देवाला वाहायचं फूल हुंगत नाहीत, म्हणून सासूबाई एक आधीच तोडून नेतात, बाकीची आमची.

ही 'हायब्रिड टी' (लांब देठावर एकेक मोठं फूल येणाऱ्या गुलाबांचा गट) जात १९७७ साली कॅलिफोर्नियातून बाजारात आली. तिकडच्या कोरड्या हवेतली ही पोर मुंबईच्या पावसाने बेजार होते. जुलैत पानांवर काळे ठिपके पडले, पिवळी होऊन निम्मी पानं गळाली. आता पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घेते, पाणी सकाळी फक्त मुळाशी घालते, पडलेलं पान कुंडीत राहू देत नाही. त्याने बराच फरक पडला.

नर्सरीवर मात्र माझा राग आहे. कलमाची गाठ, म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर ही जात जोडलेली जागा, मातीखाली गाडलेली होती. खालून एक जोमदार फांदी आली, मी कौतुकाने वाढवली. दोन महिने एक कळी नाही! पानंही बारीक, वेगळीच. तो खुंटाचा रानटी फुटवा होता आणि वरचं कलम तोवर सुकत चाललं होतं. माती उकरून फुटवा मुळापासून ओढून काढला, तेव्हा कुठे झाड वाचलं. विकताना एका शब्दाने सांगितलं असतं तर?

ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबावर) तिरका काप देऊन छाटणी केली, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. साधारण दीड महिन्यात सात कळ्या आल्या.

चार तास ऊन असेल तर हे रोप जरूर घ्या. पैसे देण्याआधी माती बाजूला करायला लावून गाठ गाडलेली नाही ना, तेवढं बघा.