पीएलपीजीएसक्यूएल_चेक: कॉलम बदलल्यावर ट्रिगर तपासणारं एक्स्टेंशन

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव बदललं तरी व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) चालत राहतात, कारण व्ह्यूच्या आत कॉलम नावाने नव्हे, क्रमांकाने साठवलेला असतो. ट्रिगर फंक्शनला, म्हणजे टेबलात इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट झालं की आपोआप चालणाऱ्या फंक्शनला, ही सोय नाही. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्याच भाषेतलं फंक्शन डेटाबेसच्या लेखी नुसता मजकूर असतो. फंक्शन तयार करताना फक्त व्याकरण तपासलं जातं. आत लिहिलेला कॉलम टेबलात आहे की नाही, हे ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कोणी बघत नाही. त्यामुळे ‘आल्टर टेबल’ बिनतक्रार पार पडतं आणि पहिल्याच इन्सर्टला ४२७०३ क्रमांकाची एरर येते: ‘न्यू’ रेकॉर्डमध्ये (ट्रिगरला मिळणाऱ्या नव्या नोंदीत) अमुक नावाचं फील्ड नाही. ओरॅकल निदान ट्रिगरवर ‘इनव्हॅलिड’ असा शिक्का मारून ठेवतो आणि तो यादीत सापडतो. पोस्टग्रेसमध्ये अशी यादीच नाही.

ही उणीव भरून काढायला पावेल स्टेहुले या चेक प्रोग्रामरने लिहिलेलं पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे ओपन सोर्स एक्स्टेंशन आहे. ते फंक्शन चालवत नाही. आतली प्रत्येक क्वेरी आणि प्रत्येक एक्स्प्रेशन सध्याच्या टेबलांशी ताडून बघतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत पॅकेज भांडारात ते सर्व्हरच्या आवृत्तीप्रमाणे मिळतं. पॅकेज टाकून ‘क्रिएट एक्स्टेंशन’ केलं की काम झालं, पण त्यासाठी सर्वाधिकार असलेला सुपरयूजर लागतो. क्लाउडवरचा डेटाबेस असेल तर तुमच्या सेवेच्या एक्स्टेंशन यादीत हे नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर तिथे पुढचं काहीच करता येणार नाही.

साधं फंक्शन तपासायला नुसतं त्याचं नाव पुरतं. ट्रिगर फंक्शनला मात्र दुसरा आर्ग्युमेंट म्हणून टेबलही द्यावं लागतं, नाहीतर ‘न्यू’ आणि ‘ओल्ड’ (जुनी नोंद) यांचा आकार एक्स्टेंशनला कळणार कसा? नवखे बहुतेक इथेच अडतात आणि एक्स्टेंशन चालत नाही असं समजून सोडून देतात. ऑर्डरच्या टेबलातला ‘पिनकोड’ बदलून ‘डिलिव्हरी_पिनकोड’ केला असेल, तर उत्तराच्या एकाच ओळीत दर्जा (एरर), कोड (४२७०३), ओळ क्रमांक, स्टेटमेंटचा प्रकार आणि संदेश असं सगळं येतं. हा ओळ क्रमांक मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टच्या) फाइलमधला नसतो. फंक्शनचा मजकूर जिथे सुरू होतो, ती डॉलर चिन्हांची ओळ म्हणजे १, आणि तिथून पुढे मोजायचं.

मूळ सेटिंगमध्ये तपासणी पहिल्या चुकीलाच थांबते. ‘फेटल_एरर्स’ला ‘फॉल्स’ दिलंत तर सगळ्या चुका एकदम दिसतात. हे न केल्यास एक दुरुस्त करा, पुन्हा चालवा, दुसरी सापडते, अशा चकरा होत राहतात.

एकेक ट्रिगर हाताने तपासण्यात अर्थ नाही. ट्रिगरांची नोंद ठेवणारं ‘पीजी_ट्रिगर’ आणि फंक्शनांची ठेवणारं ‘पीजी_प्रोक’ या सिस्टिम टेबलांचा जॉइन करून भाषा पीएल/पीजीएसक्यूएल असलेली सगळी फंक्शन काढा. मग लॅटरल जॉइनने प्रत्येकाला ‘टीजीरेलआयडी’सकट (ट्रिगरच्या टेबलाचा आयडी) तपासणीला पाठवा. ट्रान्झिशन टेबल (एका स्टेटमेंटने बदललेल्या सगळ्या नोंदी दाखवणारं) वापरणारे ट्रिगर असतील तर ‘टीजीओल्डटेबल’ आणि ‘टीजीन्यूटेबल’ हेही ‘ओल्डटेबल’, ‘न्यूटेबल’ या आर्ग्युमेंटमध्ये द्या. ते दिलं नाही तर चांगल्या फंक्शनवरही ‘टेबल अस्तित्वात नाही’ असा आळ येतो. पार्टिशन असलेल्या टेबलावर प्रत्येक पार्टिशनसाठी ट्रिगरची प्रत बनते आणि तीच चूक पन्नासदा छापली जाते. १३ पासूनच्या आवृत्त्यांत ‘टीजीपेरेंटआयडी = ०’ ही अट घातली की फक्त मूळ ट्रिगर उरतो.

पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचनाही ट्रान्झॅक्शनमध्ये बदलता येते, आणि या एक्स्टेंशनची खरी किंमत तिथेच कळते. ‘बिगिन’ करा, ‘आल्टर टेबल’ चालवा, फंक्शन बदला आणि कमिटच्या आधी ही सामूहिक तपासणी एका ‘डू’ ब्लॉकमध्ये (नाव न देता लगेच चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवा. त्यासाठी निकाल टेबलाच्या रूपात देणारं ‘_टीबी’ शेपटीचं फंक्शन वापरा. दर्जा ‘एरर’ असलेली एकही ओळ आली तर ‘रेझ एक्सेप्शन’ने एरर फेका. मायग्रेशन जसंच्या तसं मागे फिरतं आणि टेबल होतं तसं राहतं. मात्र ‘आल्टर टेबल’चं कुलूप तोवर टेबलावर असतं, वाचणाऱ्यांनाही थांबावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच ‘लॉक_टाइमआउट’ (कुलूप मिळण्यासाठी थांबायची मर्यादा) तीनेक सेकंदांचा ठेवा, आणि ट्रिगरांची संख्या मोठी असेल तर प्रॉडक्शनवर फक्त बदललेल्या टेबलापुरतीच तपासणी लावा. पूर्ण तपासणी स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणी सर्व्हरवर) होऊन जाऊ द्या.

चाचण्या आहेत, मग हे कशाला? कारण चाचणी चाललेल्या वाटेपुरतीच बोलते. ‘टीजी_ओपी’ (ट्रिगर कोणत्या कृतीमुळे चालला ते) डिलीट असेल तेव्हाच ‘ओल्ड.पिनकोड’ वाचणारी शाखा महिनोन्महिने चालत नाही. काही ट्रिगरांत ‘व्हेन अदर्स’ लावून सगळ्या चुका गिळलेल्या असतात, म्हणजे ऑडिट (बदलांची नोंद) बंद पडलं तरी आवाज नाही. हे एक्स्टेंशन सगळ्या शाखा चालून बघतं, गिळणाऱ्या ब्लॉकच्या आतल्यासुद्धा.

याच गुणाचा त्रासही होतो. एकच फंक्शन पाच टेबलांवर लावून आत ‘टीजी_टेबल_नेम’प्रमाणे फाटे फोडले असतील, तर ऑर्डरचं टेबल देऊन तपासताना ग्राहकाच्या फाट्यातले कॉलम ‘नाहीत’ म्हणून एरर येते. प्रत्यक्षात तो फाटा तिथे कधीच चालणार नसतो. त्या ब्लॉकमध्ये प्रॅग्मा (एक्स्टेंशनसाठीची सूचना) लिहून तपासणी बंद करता येते. पण शक्य असेल तर फंक्शनच टेबलागणिक वेगळं करावं. प्रॅग्माने झाकलेला भाग पुढच्या बदलात पुन्हा आंधळाच राहतो. फंक्शनच्या आत बनणाऱ्या टेम्पररी टेबलांसाठीही टेबलाची रचना सांगणारा प्रॅग्मा आहे, आणि तो मात्र बिनधास्त वापरावा.

आता जे याला दिसत नाही ते. ‘एक्झिक्यूट’ने धावताना जुळवलेली क्वेरी दिसत नाही, हे अपेक्षितच आहे. ‘टू_जेसनबी(न्यू)’ करून, म्हणजे नोंदीचं जेसन बनवून, त्यातून ‘पिनकोड’ ही की काढणारा ट्रिगर जास्त घातक. नाव बदललं की तिथे एरर येतच नाही, निमूट नल येतो. अशा जागा शोधायला ‘पीजी_प्रोक’च्या ‘प्रोएसआरसी’ या फंक्शनचा मजकूर असलेल्या कॉलमात जुनं नाव शोधण्याला पर्याय नाही. एक्स्टेंशनमध्ये अवलंबित्व दाखवणारं फंक्शन आहे, पण ते टेबलापर्यंतच सांगतं, कॉलमपर्यंत नाही.

ऑडिट टेबलात ‘न्यू.*’ ओतणारे ट्रिगर हा दुसरा खड्डा. ऑडिटमध्ये मूळ कॉलम, मग ‘कृती’ आणि ‘वेळ’ असा क्रम आहे आणि ट्रिगर ‘न्यू.*, टीजी_ओपी, नाऊ()’ घालतो, असं धरा. मूळ टेबलात ‘शेरा’ हा टेक्स्ट कॉलम वाढवला की एक्स्टेंशन लगेच सांगतं: कॉलमपेक्षा मूल्यं जास्त. मग कोणी ऑडिटमध्येही ‘शेरा’ वाढवतो, पण पोस्टग्रेस नवा कॉलम नेहमी शेवटी टाकतो. आता शेरा ‘कृती’त जाऊ पाहतो आणि ‘इन्सर्ट’ हा शब्द ‘वेळ’मध्ये. टेक्स्ट आणि टाइमस्टॅम्प जुळत नाहीत म्हणून ४२८०४ क्रमांकाची एरर येते, हे नशीबच. मधला एखादा कॉलम फक्त मूळ टेबलातून काढला, शेवटच्या कॉलमांना डिफॉल्ट आहे म्हणून ट्रिगर नुसतं ‘न्यू.*’ घालतो आणि शेजारचे सगळे टेक्स्ट आहेत, अशा वेळी अहवाल स्वच्छ येतो आणि शहराच्या जागी राज्य साठत राहतं. इन्सर्टमध्ये कॉलमांची यादी नावानिशी लिहिणं हाच इलाज.

स्वच्छ अहवालावर आणखी एका कारणासाठी भरवसा ठेवू नये. ‘अपडेट ऑफ पिनकोड’ असा ट्रिगर असेल तर तो कॉलम काढताना पोस्टग्रेस अडवतो. घाईत ‘कॅस्केड’ लावलं की कॉलमबरोबर ट्रिगरही जातो, आणि जो नाहीच त्यात चूक कुठून सापडणार? मायग्रेशनच्या आधी आणि नंतर अंतर्गत ट्रिगर वगळून ‘पीजी_ट्रिगर’मधली संख्या जुळवा.

पॅसिव्ह मोडमध्ये ‘एव्हरी_स्टार्ट’ लावलं तर फंक्शन सुरू होताना दर वेळी तपासणी होते. डेव्हलपरच्या मशीनवर ते उत्तम, प्रॉडक्शनवर नको. ‘शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज’मध्ये (सर्व्हर सुरू होताना भरायच्या लायब्ररींच्या यादीत) टाकताना आधी पीएलपीजीएसक्यूएल आणि मग हे, असा क्रम ठेवा. प्रोफायलर आणि ट्रेसरही सोबत मिळतात, पण निव्वळ त्यांच्यासाठी हे घ्यायची गरज नाही.

चूक प्रॉडक्शनवर गेल्यावरच सापडली, तर पहिला हात ‘डिसेबल ट्रिगर’कडे जाऊ देऊ नका. त्याला टेबलावर कुलूप लागतं आणि मधल्या वेळेतलं ऑडिट कायमचं बुडतं. ‘क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन’ टेबलाला हातही लावत नाही. ट्रिगर आहे तिथेच राहतो आणि पुढच्या इन्सर्टपासून नवं फंक्शन चालतं. बंद करणं अटळच असेल तर ‘ऑल’ऐवजी ‘यूजर’ लिहा, कारण ‘ऑल’ने फॉरेन कीचे ट्रिगरही झोपतात.