मायचे पैसे: अंगठ्यानं काढावेत की फोननं?

खातं आहे, आधार जोडलेलं आहे, लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० पडतात. आता ते काढायचे कसे, असं गावाकडचं कोणी ना कोणी मला विचारत असतं. केज तालुक्यातल्या आमच्या घरी दोन्ही प्रकार करून झालेत, म्हणून लिहितो.

अंगठा, म्हणजे बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर आधारच्या मशीनला बोट लावून पैसे काढणं. त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. फोन लागत नाही, रिचार्ज लागत नाही, कार्ड हरवायची भीती नाही. खातं कुठल्या का बँकेचं असेना, केंद्रावर मशीन असलं की एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. आमच्याकडची कोयत्याची जोडपी हंगामाला सांगली-कोल्हापूरकडं जातात, तिथंही त्यांचं काम अडत नाही. बोटं झिजलेली असली तर मशीन दाद देत नाही, हे खरं. माझ्या मायनं वीस हंगाम ऊस तोडलाय. तिचा उजवा अंगठा मशीनच्या खिजगणतीतच नाही. डाव्या हाताचं मधलं बोट पदराला पुसून तिसऱ्या खेपेला लागतं. पण लागतं. एवढ्यावरून मी अंगठा सोडला नसता.

सोडला तो आवाजामुळं.

बोट लागलं की शिल्लक केंद्रवाल्याच्या पडद्यावर येते आणि तो ती वाचून दाखवतो. वाईट हेतू नसतो त्याचा. समोरच्या बाईला वाचता येत नाही, म्हणून भल्यासाठीच मोठ्यानं सांगतो. गेल्या वर्षी मायनं सात महिने पैशाला हात लावला नव्हता. किती साचले ते बघायला गेली. मागं दहा-बारा माणसं. "मावशी, साडेदहा हजार हायेत की! काढायचे का सगळे?" माय म्हणाली, नको, राहू दे. दिवेलागणीला भावकीतला एकजण ओट्यावर येऊन बसला. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग हळूच, "वैनी, खताला पाच हजार नडलेत." नाहीत म्हणायची सोयच उरली नव्हती. ते पाच हजार अजून यायचेत.

केनियात २००७ साली एम-पेसा निघालं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची-काढायची सोय, आणि तीही साध्या फोनवर. तिथंही रोकड द्यायला दुकानदारच असतो, पण पिन गिऱ्हाईक आपल्या फोनवर दाबतं आणि उरलेल्या पैशाचा मेसेज त्याच्याच फोनवर येतो. दुकानदाराला कळतं ते किती काढले तेवढंच. आपल्याकडं एवढी एक फट बुजवली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

पोस्टमन मशीन घेऊन घरी येतो, हा मधला मार्ग आहे. रांग टळते. आमच्या वाडीला तो रोज येत नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मग फोन. आधी तिच्याच साध्या फोनवर १२३पे, म्हणजे नंबर लावून पैसे पाठवायचं यूपीआय, करून पाहिलं. २०२२ पासून ती सोय आहे. त्यातली बाई "एक दाबा, दोन दाबा" इतकं भराभर सांगत होती की माय म्हणाली, "हिला एवढी घाई कशाची?" शेवटी माझा जुना स्मार्टफोन दिला. एटीएम कार्ड नसलं तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआयचा पिन करता येतो, फक्त खात्याला आणि आधारला नंबर एकच लागतो आणि त्याचंच सिम फोनमध्ये असावं लागतं. आमचे आठ दिवस यातच गेले, कारण खात्याला नंबर धाकट्या भावाचा निघाला. तुम्ही हे आधी तपासा, बाकीचं सोपं आहे. मायला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. आयुष्यभर बाजार केलेल्या बाईला ते शिकवावे लागत नाहीत.

फोनचा त्रास नाही असं नाही. आमच्या घरात रेंज धरत नाही, पाराजवळ जावं लागतं. नोटा लागल्या तर किराणावाल्याला पैसे पाठवून त्याच्याकडून रोख घ्यायची, आणि त्याच्या गल्ल्यात असतील तरच. फसवणुकीची धास्ती वेगळी. मी तिला एकच गोष्ट घोकून घेतली: पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला नाहीतर शिल्लक बघायलाच लागतो. कोणी पैसे येणार म्हणून पिन मागितला की फोन ठेवून द्यायचा. तरी काही झालंच तर १९३०, हा फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. लहान रकमेला पिन न लागणारं यूपीआय लाइट मी मुद्दाम चालू केलं नाही. तिला पिन दाबायला आवडतं, असं माझं निरीक्षण आहे.

घरात फोन सांभाळणारं कोणीच नसेल किंवा नंबर दर हंगामाला बदलत असेल, तर अंगठाच बरा. उगाच म्हाताऱ्या माणसाला अडचणीत टाकू नका. रांगेत गर्दी नसेल तेव्हा जा आणि केंद्रवाल्याला शिल्लक पावतीवर मागा. पण खात्यात चार पैसे साचवायचे असतील आणि भावकी आमच्यासारखी असेल, तर फोनचा विचार करावा, असं मला वाटतं.

परवा माय पाराकडं तोंड करून, फोनवर पदर धरून पिन दाबत होती. मी शेजारीच उभा होतो. किती झाले गं, म्हणून विचारलं.

"हायेत थोडे," म्हणाली आणि फोन कनवटीला लावला.