चार्ली पार्कर: स्टुडिओचा बॉक्स सेट की रेडिओवरचा लाइव्ह?
मित्राला जॅझचा सॅक्सोफोनवाला पार्कर गोळा करायचाय पण बजेट एकाचंच, सॅव्हॉय आणि डायल या रेकॉर्ड कंपन्यांसाठी त्याने वाजवलेल्याचा आठ सीडींचा बॉक्स घेऊ की न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबातून रेडिओवर गेलेली ब्रॉडकास्ट्स, म्हणून अडून बसलाय.

पैशाचं म्हणाल तर बॉक्सला एकदम मोठी रक्कम जाते, वर बाहेरून मागवला तर कस्टम. ब्रॉडकास्ट सुटी सुटी मिळतात, स्वस्त वाटतात, पण तोच कार्यक्रम वेगळं कव्हर लावून परत विकतात, त्यामुळे तारीख बघितल्याशिवाय घेऊच नका, डबल पैसे जातात.

आवाजात बॉक्स सरळ पुढे. १९४४ ते ४८ चं स्टुडिओ रेकॉर्डिंग आहे, ड्रम्सही बऱ्यापैकी कळतात. रूस्टचं रेडिओवरून उतरवलेलं, खरखर आहेच.

पण वाजवणं ऐकायचंय ना? स्टुडिओत ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवर तेवढंच मावायचं म्हणून तीन मिनिटांत आटपायचं, क्लबात ती घाई नाही. २५ डिसेंबर १९४८ ला तर पठ्ठ्याने चक्क 'व्हाइट ख्रिसमस' घेतलंय, ओळखीची धून, आणि बघता बघता तिचं बीबॉप, म्हणजे वेगवान, वळणावळणाचं जॅझ, करून टाकलंय, मागे ड्रम्सवर मॅक्स रोच. मधेमधे रेडिओचा निवेदक सिम्फनी सिड बडबडतो, मला आवडतं, काहींना वैताग येतो.

बॉक्समध्येही एक कटकट आहे, एकाच गाण्याचे अर्धवट टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचे सोडून दिलेले प्रयत्न, पाठोपाठ येतात, गाडी चालवताना डोकं उठतं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल, किंवा सोलो उतरवून शिकणार असाल तर बॉक्स. गाजलेले ट्रॅक पाठ झालेत आणि खरखरीचं वावडं नाही, तर रूस्ट.