४,७०,००० रुपयांची हॉर्सपॉवर

फोर्ड व्ही-८ फ्लॅटहेडचे (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरशेजारी असलेलं इंजिन) टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले ठोकळे, बघायचे तर आधी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणारं नळकांडं, उतरवावं लागतं. व्हॉल्व्ह चेंबर त्याच्या खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत असतं. दुसरीकडून हात जातच नाही. हे मला आजचं नाही, कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. तरीही मे २०२४ मध्ये बडोद्यात, माझ्या जुन्या फोर्डची ताकद वाढवून द्यायचं काम घेतलेल्या माणसाच्या गॅरेजच्या दारात उभं राहून "टॅपेट टाइट करी दीधा, साहेब" हे वाक्य मी ऐकून घेतलं आणि शेवटचे १,२०,००० रुपये त्याच्या हातावर ठेवले. गाडी शेडमागे नेल्यापासून परत येईपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती.

पंचवीस मिनिटांत गरम इंजिनावरून दोन कार्ब्युरेटर, पेट्रोलची लाइन, लिंकेज आणि मॅनिफोल्ड उतरत नाही. शिवाय या इंजिनाच्या मूळ टॅपेटला सेटिंगचा स्क्रूच नसतो. फटीसाठी व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासावं लागतं. स्क्रूचे टॅपेट बसवले असते तरी मॅनिफोल्डच्या बोल्टांवरचा रंग तुटलेला दिसला असता. तो अखंड होता. मी तो बघितला आणि मान डोलावली.

का डोलावली? कारण गाडीचा आवाज बदलला होता आणि पेडलला पाय लावताच ती उसळत होती. नंतर कळलं, सायलेन्सरच्या आतले पडदे काढले होते आणि पेडलच्या लिव्हरची पिन वर सरकवली होती, म्हणजे थोडं दाबलं तरी थ्रॉटल अर्धा उघडतो. ताकद तेवढीच, उसळी जास्त. या दोन युक्त्यांचा खर्च पाचशे रुपयेसुद्धा नाही, आणि ४३ अंशांच्या उन्हात भल्याभल्यांची मान डोलते.

गाडी १९४७ ची, इंजिन २३९ घनइंची, २४ स्टडचं, कंपनीच्या कागदावर १०० हॉर्सपॉवर. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यानंतर बडोद्यात ज्याच्या दारात जुनी गाडी त्याला "पॉवर पॅकेज"वाले गाठू लागले. पुढची पद्धत तुम्हाला माहीतच आहे: आधी ॲडव्हान्स, मग "माल कस्टममध्ये अडकलाय", मग शेवटचा हप्ता घाईघाईत. १,५०,००० बँकेतून, २,००,००० आणि १,२०,००० रोख. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ८४,६०० रुपये. ते वाचवायला गेलो. हो, मीच गेलो.

कच्च्या चिठ्ठीवर होतं ते असं: हेड मिलिंग (सिलिंडरांवरचं झाकण घासून कॉम्प्रेशन वाढवणं) २२,०००, थ्री-क्वार्टर रेस कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा, शर्यतीच्या वळणाचा) ६४,०००, ॲडजस्टेबल टॅपेट १६ नग ३८,४००, पोर्ट-रिलीव्ह ४५,०००, ड्युअल मॅनिफोल्ड आणि दोन कार्ब्युरेटर १,१८,०००, सिलिंडर तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून पिस्टन-रिंगा १,१२,०००, डायनो (ताकद मोजणारं यंत्र) ९,५००, मजुरी ६१,१००.

जूनमध्ये हेड उतरवली. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ४९० सीसी. कॉम्प्रेशन म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. मूळ ६.७५ कॉम्प्रेशनला पिस्टन वर असताना गॅस्केट धरून सुमारे ८५ सीसी जागा उरते, हेड घासून ८ करायचं तर ७० उरायला हवी. ब्युरेटनं, म्हणजे मापाच्या काचनळीनं, तेल सोडून मोजली तर ८३ भरली, म्हणजे कॉम्प्रेशन ६.९. हेडवरून दहा-बारा थाऊ पुसून वर ॲल्युमिनियम रंग मारला होता. रिलीव्ह म्हणजे व्हॉल्व्ह आणि बोअरच्या मधला ब्लॉक घासून वाट मोकळी करणं. त्यानं हवा बरी जाते, पण जागा वाढून कॉम्प्रेशन उतरतं. जो माणूस रिलीव्ह आणि हाय कॉम्प्रेशन दोन्ही विकतो आणि सीसीचा आकडा सांगत नाही, तिथून उठा. इथे रिलीव्ह नव्हताच म्हणा. जुनी काजळी जागच्या जागी होती.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.२१७५ इंच हवा होता, भरला ३.१९१. नुसता होन, म्हणजे आतून घासायचा दगड, फिरवलेला. पिस्टन जुनेच, डोक्यावर हातानं ०३० ठोकलेलं, एकावर तर शून्य उलटं लागलं होतं. कॅम तपासायला डायल गेज पुरतो. साइडव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे अशा फ्लॅटहेडमध्ये, रॉकरचा झुलता दांडा नसतो, त्यामुळे कॅमचा उंचवटा तोच व्हॉल्व्हचा उठाव. ०.२९ इंच निघाला, म्हणजे कारखान्यातून आला तोच कॅम. घासून बनवलेल्या रेस कॅमचा मूळ गोल लहान होतो, मग साधे टॅपेट पोचतच नाहीत. त्यामुळे "कॅम बदलला, टॅपेट जुनेच चालतील" असं कोणी म्हणालं तर तेही खोटं समजा.

दुसऱ्या कार्ब्युरेटरखाली अख्खा पत्रा होता. छिद्रच नाही! एकच कार्ब्युरेटर चालू, तोही मॅनिफोल्डच्या एका टोकाला, म्हणून लांबच्या सिलिंडरांचे प्लग पांढरे आणि जवळचे काळे. हे मी पेट्रोलच्या भेसळीवर ढकललं होतं. ५९,००० रुपयांचं शोभेचं भांडं.

आणि तो डायनोचा कागद. ४,४०० आरपीएमला १४२ हॉर्सपॉवर, टॉर्क १५० पौंड-फूट. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५,२५२ करा, १२६ च्या वर जात नाही. शाळेतलं गणित, चारचौघांना कौतुकानं दाखवण्याआधी करायला हवं होतं.

आता सरकारी दरवाजे. पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही. पहिला प्रश्न, "गाडी चालते ना?" चालते. "मग फसवणूक कसली?" दुसऱ्या खेपेला, हे दिवाणी प्रकरण आहे. तिसऱ्या खेपेला, अर्ज गुजरातीत द्या. दिला. ऑगस्टमध्ये कलमांचा घोळ सुरू झाला: नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, व्यवहार त्याच्या आधीचा म्हणून जुन्या दंडविधानाचं ४२०, तक्रार नंतरची म्हणून नव्या संहितेचं ३१८, आणि हे ठरेपर्यंत नोंद नाही. खरं तर गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, एवढं मला कळतं तर त्यांना का कळू नये? एक जण म्हणाला सायबरला जा. रोख पैशाचं सायबर काय करणार? मग तज्ज्ञाचा अहवाल आणा. एका संस्थेत गेलो तर खाजगी गाडीचा अहवाल देत नाही म्हणाले. दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी तर मलाच धरलं: जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी, "मग तुम्ही इंजिनाला हात लावलाच कसा?" म्हणजे काम झालं असतं तर मी दोषी आणि झालं नाही म्हणून तक्रार नाही. सांगा, माणसानं काय करावं! नियम मात्र खरा आहे. व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर कॅम-कार्ब्युरेटरच्या आधी तो वाचा.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे बँकेतून दिलेले १,५०,००० तरी दिसतात. रोख ३,२०,००० कोणत्या तोंडानं सिद्ध करू?

काम द्यायचंच असेल तर पहिला रुपया ब्लॉकच्या तपासणीवर घाला. या इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या पाण्यातून जाते, एका बाजूच्या चार सिलिंडरांना तीनच तोंडं, मधल्या दोघांचं एकच. म्हणून ते तापतं आणि व्हॉल्व्ह सीटपासून बोअरकडे तडे जातात. तडा असेल तर बाकीचं सगळं पाण्यात. गाडी सोडण्याआधी पिस्टन, कॅम, टॅपेटवर स्वतःचा पंच मारा, फोटो काढा, जुना माल गोणीत परत मागा. हेड जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आपटतो, प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) ठेवून फट मोजल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नका. सगळं नीट करूनही हे इंजिन सव्वाशेच्या आसपास गेलं तरी मिस्त्रीला पेढे द्यावेत.

तो माणूस आता विलीज जीपवाल्यांच्या मागे आहे म्हणे, १३४ घनइंची ६० हॉर्सपॉवरच्या फ्लॅटहेडला "दीडपट" करून देतो. जीपवाल्यांनो, तुमचं टॅपेटचं झाकण ब्लॉकच्या बाजूला आहे आणि टॅपेटला स्क्रू आहे. पंचवीस मिनिटांची थाप तुमच्याकडे खपून जाईल. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा.