स्वतःचं ट्रेडिंग की डीलरची नोकरी?

लातुरात औसा रोडवरच्या खोलीत बसून चार वर्षं शेअर बाजारात स्वतःचे सौदे केले. सव्वानऊ ते साडेतीन नजर स्क्रीनवर, चहा टेबलावरच गार. मालक आपणच, त्यामुळे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ठरवलेला भाव, खाली सरकवला तरी हटकणारं कोणी नाही. गोम हीच. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधले (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे करार, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह्ज) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. त्यातला एक मी.

डीलर, म्हणजे ब्रोकर कंपनीत ग्राहकांच्या ऑर्डर टाकणारा, व्हायचं तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा द्यावी लागते. इक्विटी (शेअरच्या) डेरिव्हेटिव्ह्जसाठी सिरीज 8, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पगार ठरलेला. पण ग्राहक सांगेल तीच ऑर्डर टाकायची, कॉल रेकॉर्ड होतो, आणि आपल्या खासगी सौद्यांवरही कंपनीची नजर. सुरुवातीला जाम बोचतं.

मुलाखतीत नफ्याचे स्क्रीनशॉट कुणी बघितले नाहीत. विचारलं, "तोट्याची नोंद ठेवली का?" वडील मोंढ्यात मुनीम, त्यांच्या धाकाने रोजची वही लिहिलेली होती: काय घेतलं, का घेतलं, कुठे चुकलं. साहेबांनी वीस मिनिटं तीच चाळली.

रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर आणि कंपन्यांचा अभ्यास करण्याच्या नोकरीत, जायचं असेल तर मात्र लातूर सोडावं लागेल. त्या जागा बहुतेक मुंबईतच.