तेलगळतीनंतरचा किनारा: धुवावा, उचलावा की सोडून द्यावा?
जहाजातून सांडलेले तेल किनाऱ्याला लागले की निर्णय घेणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात: दाबाच्या गरम पाण्याने धुणे, माणसे लावून तेल उचलणे, किंवा काही भाग लाटांवर सोडून देणे. धुण्याने किनारा लगेच स्वच्छ दिसतो आणि म्हणूनच त्याची मागणी सर्वाधिक होते. परंतु 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर गरम पाण्याने तेलाबरोबर खडकांवरचे शेवाळ आणि शंख-शिंपलेही मेले, आणि मुद्दाम न धुता राखलेल्या पट्ट्यांवरची जीवसृष्टी धुतलेल्या खडकांपेक्षा लवकर सावरली. त्याआधी 1967 मध्ये ‘टोरी कॅन्यन’ जहाजाच्या गळतीवेळी इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ओतलेल्या विषारी डिटर्जंटांनी तेलाहून अधिक हानी केली होती.

त्यामुळे लाटांचा मारा असलेल्या खडकाळ किनाऱ्यावर जाड थर काढून उरलेला डाग राहू द्यावा, असे माझे मत आहे. पुळणीवर मात्र फावड्याने वरचा थर उचलणे यंत्रापेक्षा सरस ठरते, कारण यंत्र तेलाबरोबर चांगली वाळूही ओढून कचऱ्याचे ढीग वाढवते. हे काम पुढच्या भरतीने तेलावर वाळू चढण्याआधी उरकावे लागते. खारफुटीत सहसा उतरूच नये, कारण पावलांनी चिखलात दाबले गेलेले तेल प्राणवायूअभावी वर्षानुवर्षे तसेच राहते.

पक्ष्यांच्या बाबतीत निवड तेल लागण्याआधीच दूर नेऊन वाचवणे आणि तेल लागल्यानंतर धुणे यांत आहे. तेलाने पिसांची वीण विस्कटते, थंड पाणी कातडीपर्यंत पोहोचते आणि पिसे साफ करताना तेल पोटात जाते. अशा पक्ष्याला आणल्याबरोबर धुतले तर तो त्या ताणानेच दगावू शकतो. आधी ऊब, पाणी आणि अन्न देऊन त्याला सावरावे लागते, मग कोमट पाण्यात सौम्य डिटर्जंटने धुऊन साबणाचा अंशही उरणार नाही इतके खळाळावे लागते, कारण उरलेल्या साबणामुळेही पिसे पाणी धरतात.

2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळ ‘ट्रेझर’ जहाज बुडाल्यावर दोन्ही मार्ग एकदम वापरले गेले: तेल लागलेले सुमारे 19,000 पेंग्विन धुण्यासाठी नेले आणि जवळपास तेवढेच निरोगी पेंग्विन त्याच किनाऱ्यावर दूर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले. हे निरोगी पेंग्विन पोहत परतेपर्यंत घराजवळचे तेल बरेच हटले होते. मात्र अशा स्थलांतरासाठी तवंगाची दिशा ठाऊक असावी लागते आणि पकडणारे हात प्रशिक्षित असावे लागतात. अननुभवी स्वयंसेवकांनी पाठलाग केला, तर घाबरलेले पक्षी थेट तेलकट पाण्यातच उतरतात.